माझी मुलगी, जिला मी पुतणी म्हणालो

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायला माझ्याकडे दुसरी एक गोष्ट होती. ती लोकांना इतकी आवडायची की हिच्यापर्यंत कुणी पोचतच नसे. दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम असला की महाराष्ट्रातून नव्याने बदलून आलेल्या एखाद्या अधिकाऱ्याला माझ्यापुढे आणून बसवतात आणि म्हणतात, "यांना विचारा. हे आमच्या मंडळाची हिरॉइन होते." मग मी माझ्या स्त्री-भूमिकांचे किस्से सांगतो, ते हसतात, आणि तेवढ्यात जेवणाची पानं मांडली जातात.

ते किस्से खरे आहेत. केंद्र सरकारच्या नोकरीत मी दिल्लीला आलो तेव्हा माझं नुकतंच लग्न झालं होतं. आर. के. पुरमला क्वार्टर मिळालं. वर बंगाली, खाली तमिळ, समोर पंजाबी, आणि आसपासच्या सेक्टरांत विखुरलेली आम्ही मराठी मंडळी गणपतीला एकत्र येऊन नाटक करायचो. काम करू शकतील अशा बायका होत्या, पण तालीम नेमकी स्वयंपाकाच्या आणि मुलांच्या अभ्यासाच्या वेळी. शिवाय कुणाच्या नवऱ्याची बदली कधी निघेल याचा नेम नाही. एका वर्षी प्रयोग तोंडावर आला आणि नायिकेच्या यजमानांना शिलाँग मिळालं. मी बारीक, उंचीने बेताचा, आवाजाने पातळ. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

बायको म्हणाली, "नऊवारी मी नेसवते, पण चालायचं मी सांगेन तसं. फायली घेऊन साहेबाकडे निघाल्यासारखे चालू नका."

ते काम गाजलं आणि पुढे कितीतरी गणपतींना मीच हिरॉइन झालो. आमचे प्रॉम्प्टर, म्हणजे पडद्याआडून वाक्यं पुरवणारे गृहस्थ, माझे ऑफिसातले मित्रच होते. ते मला आजही हिरॉइनबाई म्हणतात. माझी ख्याती मात्र अभिनयापेक्षा वेगळ्या गोष्टीसाठी होती. समोरचा वाक्य विसरला, दार उघडलं नाही, कंदील विझला, तर मी सावरून घ्यायचो. काहीतरी असं बोलायचो की प्रेक्षकांना वाटावं, हे नाटकातच आहे. त्याचा मला फार अभिमान होता.

आमचं एकुलतं एक मूल तेव्हा रंगपटात माझ्या शेजारी बसायचं, खोबरेल तेलाची बाटली धरून. रंग उतरवायला ते तेल लागायचं. सगळे तिला मुलगा समजत होते, आम्हीही. इथे मी तिला मुलगीच लिहिणार आहे, कारण ती तेव्हाही तीच होती. ते कळायला मला उशीर झाला, एवढंच.

एकदा मी टोप काढत होतो. त्याची क्लिप कानामागे अशी रुतायची की तिसऱ्या अंकात मला दुसरं काही सुचायचं नाही. ती म्हणाली, "बाबा, हे काढताना तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाईट कसलं? सुटतो मी."

तिने तेलाची बाटली पुढे केली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी चेहरा पुसून पुन्हा बाबा होईपर्यंत बघत राहिली.

लहानपणी तिला नाटकातल्या सगळ्यांची वाक्यं पाठ असायची. आवाज फुटायच्या वयात ती एकदम गप्प झाली. फोन वाजला तर दुसरं कुणी उचलेपर्यंत थांबायची. सुट्टीत आलेले माझे मेहुणे पंगतीत म्हणाले, "वा, मिशी फुटली. गडी झाला आमचा." ती अर्ध्या ताटावरून उठली. बाथरूमच्या आरशावर टॉवेल टाकलेला असायचा. मी तो काढून दोरीवर वाळत घालायचो आणि दुसऱ्या दिवशी तो परत आरशावर. मे महिन्यात, बाहेर लूचे भाजणारे वारे चालू असताना, ती शर्टावर शर्ट घालून, खांदे पुढे ओढून बसायची, जणू अंगात काही आहे ते कुणाला दिसू नये. मी ओरडायचो, "सरळ बस." अभ्यासात हुशार होती, त्यामुळे आम्ही फार विचार केला नाही. हुशार मुलांचं दुःख आईबापांना दिसत नाही, मार्क दिसतात.

ती इंजिनीयर झाली, नोकरीला लागली, आणि हिवाळ्यातल्या एका रविवारी सकाळी आम्ही तिघं मटार सोलत बसलो असताना म्हणाली, "आई, बाबा, मी तुमचा मुलगा नाहीये. मुलगी आहे. लहानपणापासून. आता हे दाबून ठेवणं मला जमत नाही."

बायकोचा हात थांबला. मला मात्र, खरं सांगतो, हायसं वाटलं. मला वाटलं, हा तर माझा विषय. मी हसून म्हणालो, "अरे, एवढंच ना? मी स्वतः लुगडी नेसलोय. भूमिका अंगात भिनते कधी कधी. प्रयोग संपला की उतरते."

जगातल्या कुठल्या बापाने काय चूक केली असती ते मला माहीत नाही. ही चूक फक्त मीच करू शकत होतो.

ती चिडली नाही. शेंग सोलत म्हणाली, "बाबा, तुम्ही साडी नेसून काम करायचात आणि मग घरी यायचात. माझं उलटं आहे. हा शर्ट, ही दाढी, हा आवाज, हे माझं काम चालू आहे. मध्यंतरसुद्धा नाही. मला घरी जायचंय."

थोड्या वेळाने बायकोने विचारलं, "तुला दुखतं का काही?"

"दुखत नाही, आई. आरशात बघितलं की दुसरंच कुणीतरी बघतं. वाटायचं, सवय होईल. होत नाही. वाढतच जातं."

"चहा ठेवते," बायको म्हणाली आणि उठली. चहा घेऊन आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण तिने चहा आधी मुलीपुढे ठेवला. मी त्या दिवसापासून कितीतरी महिने घरात फक्त क्रिकेट आणि हवामान या विषयांवर बोललो. मधेच एकदा न राहवून विचारलं, "तू तर साडीकडे ढुंकून बघत नाहीस. दागिने नकोत, मेंदी नको. मग बाई कशाला व्हायचंय?"

"आई घरात माझा जुना स्वेटर घालते, बाबा. तेव्हा ती पुरुष होते का?"

"अच्छा," मी म्हणालो. 

शेवटी तिच्याबरोबर मी एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो, मनोविकारांच्या. मनात होतं की त्या तिला समजावतील. त्यांनी मलाच समजावलं. म्हणाल्या, "अंकल, मन को बदलने की कोशिशें बहुत हो चुकी हैं. कोई बदला नहीं, लोग टूटे ज़रूर हैं. मन को रहने दीजिए. शरीर और ज़िंदगी को उसके पास लाया जा सकता है." या त्रासाला जेंडर डिस्फोरिया म्हणतात, हे त्यांनीच सांगितलं. हा वेडेपणा नाही, की कुणाच्या संस्कारांची चूक नाही. आपण जे आहोत आणि जग आपल्याला जे समजतं, आपलं शरीर जे दाखवतं, त्यांच्यातल्या तफावतीचा तो सततचा जाच. त्यावर कुणाला नाव आणि कपडे बदलून पुरतं, कुणाला औषधं लागतात, कुणाला शस्त्रक्रिया. प्रत्येकाचं वेगळं.

परत येताना मेट्रोत मला बसायला जागा मिळाली. ती समोर दांडा धरून उभी होती, खांदे पुढे ओढून. आणि काय झालं कोण जाणे, माझ्या कानामागे ती टोपाची क्लिप टोचली. तीन अंकांपुरतीसुद्धा ती मला सहन होत नसे. शेवटच्या अंकात मी टाळ्यांची नव्हे, रंगपटाची वाट बघायचो. ही मुलगी जन्मापासून ती क्लिप लावून हिंडत होती आणि मी तिला सांगत होतो, सरळ बस.

पुढची काही वर्षं औषधांची, दवाखान्यांची गेली. दाढीचे केस लेझरने काढताना तिचा चेहरा भाजल्यासारखा व्हायचा, तशीच ती ऑफिसला जायची. नवं नाव तिने आईकडे मागितलं. बायकोने क्षणाचाही विचार केला नाही. मुलगी झाली तर ठेवू म्हणून तिने बाळंतपणाआधीच एक नाव योजलं होतं, ते तसंच पडून होतं. आवाजासाठी मी पुढे झालो, म्हटलं हे शिकवायला माझ्यासारखा कुणी नाही. तिने माझा एक संवाद ऐकला आणि हसत सुटली.

"बाबा, तुम्ही बोलता तशी बाई मी आजवर पाहिलेली नाही."

"टाळ्या पडायच्या या वाक्याला."

"म्हणूनच तर. मला ऑफिसात टाळ्या नकोयत, यार."

शस्त्रक्रियेच्या दिवशी मी दवाखान्यात होतो. नर्सने विचारलं, पेशंटके कौन? मी म्हणालो, पिता. आज मला या उत्तराचं फार अप्रूप वाटतं, कारण तिथे मी ते सहज म्हणू शकलो. तिथे मला कुणी ओळखत नव्हतं.

ती बरी होऊन घरी आली. लोकांना वाटतं, असं काही केल्यावर माणूस एकदम देखणं, नटवं होत असेल. तसं काही नाही. ती सैल झाली. आरशावरचा टॉवेल गेला, उन्हाळ्यातला दुसरा शर्ट गेला, खांदे मागे गेले. एकदा सकाळी स्वयंपाकघरातून गाण्याचा आवाज आला. मला वाटलं बायको रेडिओ लावून गेली. मुलगी भजी तळत होती आणि गात होती. आवाज फुटल्यापासून मी तिचं गाणं ऐकलं नव्हतं.

आता काला अंब. पानिपतच्या रणभूमीवरचं ते स्मारक. दर संक्रांतीला दिल्लीतली मराठी माणसं तिथे जातात. आमच्या मंडळाची बस निघते, धुक्यातून, पुरीभाजीचे डबे आणि तिळगूळ घेऊन. जातायेता बसमध्ये ड्रायव्हरशेजारी उभं राहून लढाईची हकीकत सांगायचं काम माझ्याकडे असे. मंडळात मी आधीच सांगून ठेवलं होतं की मुलगा अमेरिकेत असतो. दिल्लीतल्या मराठी घरांतले मुलगे अमेरिकेत असतातच, कुणी खोदून विचारत नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या संक्रांतीला मुलगी म्हणाली, "मी येते. लहानपणी यायचे तशी."

बसमध्ये, मंडळात नव्यानेच आलेल्या एका बाईंनी मागे वळून विचारलं, "या कोण?"

ती माझ्या शेजारी बसली होती, पलीकडे बायको. बाईंचा प्रश्न साधा होता. पण आजूबाजूला जुनी मंडळी होती, सगळ्यांच्या माना वळल्या होत्या, आणि माझ्या आतला तो सावरून घेणारा नट जागा झाला.

"माझी पुतणी," मी म्हणालो. "नागपूरची."

"नागपूरची? अय्या, आम्ही पण. कुठे राहता हो नागपुरात?"

मी गारठलो. नागपूरला ती लहानपणी एकदा लग्नाला गेली होती, तेवढंच. ती क्षणभरही अडखळली नाही.

"धरमपेठेत," ती म्हणाली. "पण शिक्षण सगळं इथेच, काकांकडे राहून." आणि माझ्याकडे न बघता तिने डबा पुढे केला. "काका, तुमची पुरी राहिली."

दिवसभर ती मला काका म्हणत होती. स्मारकापाशी, जेवताना, फोटो काढताना. एकदाही चुकली नाही. इतकं चोख काम मी आयुष्यात केलं नव्हतं. मी तिथे उभं राहून, हरलो तरी पाठ न दाखवणाऱ्यांबद्दल नेहमीसारखं बोललो. लोकांनी नेहमीसारख्या टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर बायको शाल घडी करत म्हणाली, "एवढी नाटकं केलीत. आजचं तुमचं काम सगळ्यात वाईट झालं."

त्यानंतर ते तसंच रुळलं. घरात बाबा, मंडळाच्या माणसांसमोर काका. बायको दरवेळी माझ्याकडे बघायची आणि मी दरवेळी पुढच्या खेपेला सांगेन असं ठरवायचो. ती खेप आली नाही, बायको गेली. तेराव्याला मंडळातली माणसं भेटायला आली. मुलीने सगळं एकटीने निभावलं होतं, आईला शेवटची आंघोळसुद्धा तिनेच घातली होती. आल्यागेल्याला पाणी देत होती. एक बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "तुझ्यावर पोटच्या पोरीसारखा जीव होता हो काकूंचा." ती म्हणाली, "हो ना." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, तुम्ही थोडं पडता का?" मी तिला सांगितलं नव्हतं असं म्हणायला. मी सांगायची गरज ठेवली नव्हती.

त्यानंतर मी तिच्याकडे गुरुग्रामला राहायला आलो. ती इमारतींची तपासणी करते. खांब, तुळया, काँक्रीट, सळ्या. इमारत राहण्याजोगी आहे की नाही, यावर तिची सही चालते. एका रविवारी जेवायला बाहेर जायचं होतं, वाटेत तिला एका सोसायटीत रहिवाशांच्या सभेला थांबायचं होतं. मी मागच्या खुर्चीवर बसलो. तिने उभं राहून सांगितलं की तळमजल्याच्या पार्किंगमधले खांब धोक्याचे आहेत, वरचे लोक हलवून आधार द्यावा लागेल. ज्यांनी फ्लॅट विकायला काढले होते ते लोक भडकले. एकजण मागून म्हणाला, "पहले ये तो बताइए, आपको मैडम बोलें या सर?"

काहीजण हसले. माझी काठीवरची मूठ आवळली गेली. ती थांबली, त्याच्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "मैडम. लेकिन खंभे को इससे फ़र्क़ नहीं पड़ता, भाई साहब. उसको आपके वज़न से पड़ता है."

आता जे हसले ते वेगळ्या बाजूने हसले. तो माणूस खाली बसला. पुढे तासभर ती एकेका खांबाबद्दल बोलली, पुन्हा पुन्हा विचारणाऱ्यांना पुन्हा पुन्हा सांगितलं, आणि शेवटी लोकांनी हात वर केले, काम करून घ्यायचं ठरलं. माझ्या शेजारच्या पंजाबी गृहस्थांनी मला विचारलं, "मैडम आपकी कौन हैं?" मी म्हणालो, "बेटी." ते म्हणाले, "किस्मत वाले हो जी." मला उठून उभं राहावंसं वाटलं. स्टेजवर मला कधी एवढी दाद मिळाली नव्हती.

पण तो गृहस्थही मला ओळखत नव्हता.

या संक्रांतीला मी तिला म्हणालो, "काला अंबला जाऊ. तुझ्या गाडीतून." तिने भुवया उंचावल्या, "चलो," म्हणाली. मंडळाची बस आधीच पोचली होती. जुनी मंडळी आता थोडीच उरली आहेत. प्रॉम्प्टर वॉकर घेऊन आले होते. माझ्या हातात माइक दिला गेला. मी लढाईबद्दल बोललो नाही. म्हणालो, "इथे मी दरवर्षी पाठ न दाखवणाऱ्यांबद्दल बोलतो. मी स्वतः इथेच पाठ दाखवली होती. ही माझी पुतणी नाही. नागपूरशी हिचा काही संबंध नाही. अमेरिकेत माझं कुणी नाही. ही माझी मुलगी आहे, आमचं एकुलतं एक मूल. मुलगा म्हणून तुम्ही जिला पाहिलंत तीच ही. तिने जे केलं ते मला कळायला वेळ लागला, पण एवढ्या धैर्याचं माणूस आमच्या घरात दुसरं झालं नाही."

 वारा होता, माइक फुरफुरत होता. मग प्रॉम्प्टर आपल्या जागेवरून, माइकची गरज न लागणाऱ्या आवाजात म्हणाले, "हिरॉइनबाई, अहो, सबंध नाक तुमचं आहे तिचं. आम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तुमचं वाक्य केव्हा येतंय म्हणून इतकी वर्षं खोळंबलो होतो."

लोक हसले. नागपूरच्या त्या बाई पुढे येऊन तिला तिळगूळ देत म्हणाल्या, "धरमपेठ मात्र अगदी खरं वाटलं हो." मुलगी हसली. तिने माझ्या हातातून माइक घेतला आणि म्हणाली, "बाबा, चला, उन्हात बसू." त्या जागेवर, त्या माणसांसमोर, बाबा.

परतताना कर्नाल रोडवर ती गाडी चालवत होती. मी ते लोकांना सांगितलं होतं, तिला अजून काही म्हणालो नव्हतो. वाक्य तयार होतं. आयुष्यभर सगळ्यांची वाक्यं पाठ करणारा मी, माझं एकच वाक्य घशाशी घेऊन बसलो होतो.

"बाबा, काही बोलायचंय का?" तिने विचारलं. "मघापासून घसा साफ करताय."

"हीटर जरा कमी कर," मी म्हणालो.

तिने हीटर कमी केला. घर आलं, तिने मला हात देऊन उतरवलं, रात्रीच्या गोळ्या काढून ठेवल्या. आजही ती शेजारच्या खोलीत आहे आणि मी हे लिहितो आहे. ते वाक्य असं होतं: बेटा, तुझी आई गेली तेव्हाही मी तुला तिची मुलगी होऊ दिलं नाही, मला माफ कर.